संशोधनाचा डेटा सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत, फील्डवर किंवा सर्वेक्षणात काम करणारे लोक डेटाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे आणि मग अडचणीचे, असा क्रम आहे. एकदा येऊन गेलेलं उत्तर पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संशोधनाचा डेटा म्हणजे फक्त आकड्यांचे तक्ते का?

नाही. तुमचा निष्कर्ष ज्यावर उभा आहे, आणि जे हाताशी नसेल तर दुसऱ्या कुणाला तो तपासता येणार नाही, ते सगळं डेटा. उपकरणातून निघालेल्या फाइली, सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण आणि त्याचं लिखित रूप, प्रयोगवहीतली पेन्सिलची टिपणं, विश्लेषणाचा कोड, उपकरण कॅलिब्रेट केल्याच्या नोंदी. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. कोड हरवला की तक्त्यातला आकडा आला कुठून, हे खुद्द तक्ता करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

२. ‘डेटाचं जीवनचक्र’ म्हणतात ते नेमकं काय?

आखणी, संकलन, साफसफाई, विश्लेषण, जतन, इतरांना उपलब्ध करून देणं आणि पुनर्वापर. चित्रात हे सुबक वर्तुळ असतं, प्रत्यक्षात हे टप्पे एकमेकांत घुसलेले असतात. लक्षात ठेवायचं ते एवढंच की आधीच्या टप्प्यावरचा आळस पुढच्या टप्प्यावरच्या माणसाला निस्तरावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो माणूस तुम्हीच असता. संमतीपत्रातलं एक वाक्य (प्रश्न १४) चार वर्षांनी डेटा कुणाला देता येईल की नाही, ते ठरवून टाकतं.

३. माझा डेटा लहानसा आहे. तो पुढे कुणाला लागणार?

हे आज कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर हवेचा दाब आणि तापमान रोज वहीत टिपलं जाई. त्या खलाशांच्या डोक्यात हवामानबदल नव्हता. २०१० पासून हजारो स्वयंसेवकांनी त्या वह्यांची पानं वाचून आकडे संगणकात उतरवले, आणि आज ते जुन्या हवामानाची पुनर्रचना करायला वापरले जातात.

दुसरं उदाहरण प्रथिनांचं. ‘प्रोटीन डेटा बँक’ १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. पुढची पन्नास वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा एकाच ठराविक पद्धतीने तिथे रचना जमा करत राहिल्या. त्याच साठ्यावर ‘अल्फाफोल्ड’ हा प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्रॅम शिकला, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या कामाला वाटा मिळाला. यातली कितीतरी नोंद कुणाच्या तरी ‘लहानशा’ प्रकल्पातून आलेली आहे.

४. निधी देणारी संस्था डेटा व्यवस्थापन आराखडा मागते. दोन पानांत काय लिहू?

दुसऱ्याचा आराखडा उतरवून नाव बदलू नका. परीक्षकाला ते कळतं, आणि तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. पुढच्या प्रश्नांची साध्या भाषेत उत्तरं लिहा: कोणता डेटा तयार होईल, साधारण किती गिगाबाइट, कोणत्या फॉरमॅटमध्ये, रोज तो कुठे साठेल आणि त्याची प्रत कोण घेईल, त्यात माणसांची खासगी माहिती आहे का, प्रकल्प संपल्यावर तो कोणत्या रिपॉझिटरीत (डेटा जपून इतरांना देणाऱ्या भांडारात) जाईल, या सगळ्याला खर्च किती.

‘कोण’ या शब्दापुढे पदाचं नाव हवंच. ‘बॅकअप घेतला जाईल’ असं लिहिलेल्या प्रकल्पात बॅकअप घेतला जात नाही, असं मी इतक्यांदा पाहिलं आहे की आराखडा वाचताना मी आधी कर्मणी प्रयोगातली वाक्यं शोधते. खर्चाचा रकानाही रिकामा ठेवू नका. साठवणूक आणि डेटा साफ करणाऱ्याचे तास हा प्रकल्पाचा खरा खर्च आहे, आणि तो अर्जातच मागावा लागतो. आराखडा दर सहा महिन्यांनी उघडून दुरुस्त करा.

५. फाइलींना नावं कशी द्यावीत?

‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांनी पाहिलेली’ ही मालिका प्रत्येकाच्या संगणकावर असते. तीऐवजी एक साचा ठरवा: प्रकल्पाचं लघुनाव, ठिकाण किंवा नमुना क्रमांक, तारीख, आवृत्ती. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे २०२४-०५-१७. हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम आहे. नावानुसार लावल्या की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात, आणि ०५-०६ म्हणजे मे की जून हा वादच उरत नाही. नावात मोकळी जागा आणि चिन्हं नकोत. फाइलीचं नाव रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं, कारण जुनी उपकरणं आणि प्रोग्रॅम इतर लिप्यांवर अडतात. फाइलीच्या आत मात्र यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंकेतात) कोणतीही भाषा खुशाल लिहा.

६. एक्सेल वापरूच नये का?

नोंदी भरायला वापरा, पण डोळे उघडे ठेवून. एक्सेल तुम्हाला न विचारता अर्थ लावतं. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ ही जनुकांची नावं त्याने तारखा समजून बदलली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशी मोडलेली नावं सापडली. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, ‘सेप्ट’चं ‘सेप्टिन’ झालं. सॉफ्टवेअरसाठी शास्त्राने आपली भाषा बदलली, याचं मला आजही वाईट वाटतं. आपोआप होणारा हा बदल बंद करण्याची सोय आता एक्सेलमध्ये आहे. ती आजच शोधून लावा.

दुसरा खड्डा ओळींचा. जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये करोनाच्या जवळजवळ १६,००० रुग्णांच्या नोंदी याच मर्यादेमुळे वेळेवर पुढे गेल्या नाहीत, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. नव्या फॉरमॅटची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. मोठी आहे, पण मर्यादाच.

तिसरा खड्डा कमी लोकांना ठाऊक आहे. एक्सेलमध्ये दिवस मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, एक १९०० पासून आणि दुसरी १९०४ पासून. एका पद्धतीच्या फाइलीतले तारखांचे आकडे दुसऱ्या पद्धतीच्या फाइलीत तसेच गेले की सगळ्या तारखा १,४६२ दिवसांनी सरकतात, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. चूक इतकी नीटनेटकी असते की महिनोन् महिने लक्षात येत नाही.

तेव्हा एका ओळीत एक निरीक्षण, एका रकान्यात एकच गोष्ट, रंगांनी काहीही सुचवायचं नाही, चौकटी जोडायच्या नाहीत. जतनासाठी प्रत सीएसव्हीमध्ये (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) काढा आणि ती पुन्हा एक्सेलमध्ये उघडून ‘सेव्ह’ करू नका.

७. मोजमाप झालं नाही तर रकान्यात काय लिहू? शून्य, -९९९, की मोकळं सोडू?

शून्य कधीच नाही, शून्य हे मोजमाप आहे. -९९९ लिहिलंत तर एके दिवशी कुणीतरी त्याची सरासरी काढणार. मोकळं सोडा किंवा ‘एनए’ लिहा, आणि शेजारच्या रकान्यात कारण द्या: उपकरण बंद होतं, व्यक्तीने उत्तर नाकारलं, किंवा प्रमाण उपकरणाच्या क्षमतेहून कमी होतं. या तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि विश्लेषणात त्यांना वेगळी वागणूक लागते.

८. एक नोंद अशक्य वाटते. काढून टाकू का?

खूण करा, पुसू नका. अंटार्क्टिकावरच्या ओझोनची गोष्ट या प्रश्नासाठीच आहे. १९८५ मध्ये जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी जमिनीवरच्या उपकरणाच्या नोंदींवरून ओझोनचा थर विरळ होत असल्याचं दाखवलं. तेव्हा नासाचा उपग्रह वरून तेच मोजत होता. पण त्याच्या प्रक्रियेत १८० डॉबसन एककांखालची (डॉबसन हे हवेतलं ओझोन मोजण्याचं एकक) वाचनं ‘संशयास्पद’ म्हणून बाजूला पडत होती, कारण इतकं कमी ओझोन तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. ती वाचनं पुसून टाकली गेली, असं अनेकदा सांगितलं जातं. ते खरं नाही. त्यांवर खूण होती आणि मूळ डेटा शाबूत होता, म्हणून तर तो पुन्हा तपासून ओझोनच्या थरातलं विवर केवढं पसरलं आहे हे दाखवता आलं.

तुमच्याकडेही हेच करा. कच्चा डेटा एका फोल्डरमध्ये, तोही फक्त वाचता येईल असा. दुरुस्त्या कोडने करा, हाताने नाही, आणि दुरुस्त प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कोणती नोंद का वगळली, ते कोडमध्येच टीप म्हणून लिहा.

९. मेटाडेटा (डेटाबद्दलची माहिती) लिहायला वेळ नसतो. किमान काय हवं?

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा. डेटा हरवण्याचे दोन प्रकार आहेत: फाइल जाते, किंवा फाइल राहते आणि अर्थ जातो. दुसरा प्रकार कितीतरी जास्त घडतो, आणि त्यावर कोणताही बॅकअप चालत नाही.

किमान दोन गोष्टी करा. पहिली, ‘रीडमी’ नावाची साधी मजकुराची फाइल: हा डेटा कुणी, कधी, कुठे, कोणत्या उपकरणाने आणि का गोळा केला, फोल्डरांची रचना काय, वापरायला परवानगी काय. दुसरी, रकान्यांचा कोश: प्रत्येक रकान्याचं नाव, त्याचा अर्थ, एकक, शक्य असलेल्या किमती, आणि न मोजलेल्या नोंदीची खूण. ‘टेंप२’ म्हणजे पाण्याचं तापमान की हवेचं, सेल्सिअस की केल्विन, सावलीत की उन्हात, हे आज तुम्हाला तोंडपाठ आहे. दोन वर्षांनी नसेल.

एककांना किरकोळ समजू नका. १९९९ मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाशी पोचताना नष्ट झालं, कारण जमिनीवरचा एक प्रोग्रॅम आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होता आणि पुढचा प्रोग्रॅम ते न्यूटन-सेकंद समजत होता. आकडे होते, एककाबद्दलची समजूत चुकली.

तुमच्या विषयाचं ठरलेलं मानक असेल तर तेच घ्या. सजीवांच्या नोंदींसाठी ‘डार्विन कोअर’ आहे. खगोलशास्त्रातला ‘फिट्स’ फॉरमॅट तर फाइलीच्या डोक्यावरच माहिती लिहायची सोय देतो.

आणि एक विनंती. हे सगळं मोजमाप केल्या दिवशीच लिहा, प्रबंध सादर करायच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

१०. माझं सगळं क्लाउडवर आहे. तोच बॅकअप ना?

ते फक्त दोन्हीकडच्या फाइली एकसारख्या ठेवणं (सिंक) आहे, बॅकअप नाही. लॅपटॉपवर फाइल पुसली की तिथूनही ती जाते. काही सेवा पुसलेल्या फाइली थोडे दिवस ठेवतात, पण ती मुदत संपते. ३-२-१ हा नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत किंवा शहरात.

मोठ्या यंत्रणेवर भरवसा ठेवून निर्धास्त होऊ नका. २०२१ च्या डिसेंबरात क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरच्या सुमारे ७७ टेराबाइट फाइली पुसल्या गेल्या, आणि कारण होतं बॅकअपच्याच प्रोग्रॅममधली चूक. काही गटांचा डेटा परत आलाच नाही.

वर्षातून दोनदा बॅकअपमधून एखादं फोल्डर खरंच परत आणून उघडा. परत आणून पाहिलेला नाही, तोवर तो बॅकअप आहे असं धरू नका.

११. चेकसम म्हणजे काय? मला त्याची गरज आहे का?

फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली एक ठरावीक लांबीची खूण. एक अक्षर बदललं तरी खूण पूर्ण बदलते. एसएचए-२५६ पद्धतीने ती काढून यादीत ठेवा, आणि फाइली हलवल्यानंतर पुन्हा काढून ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, मोठ्या डेटाला गरज आहेच.

१२. ‘फेअर’ म्हणजे डेटा सगळ्यांना खुला करणं का?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. २०१६ मध्ये मांडलेल्या फेअर तत्त्वांत चार गोष्टी आहेत: डेटा सापडावा, मिळवण्याची वाट स्पष्ट असावी, तो इतर डेटाशी जुळावा, आणि पुन्हा वापरता यावा. रुग्णांचा गोपनीय डेटा कुलपात राहूनही फेअर असू शकतो, त्याचं वर्णन सर्वांना दिसतं आणि परवानगी कुठे मागायची हे लिहिलेलं असतं. उलट, वेबसाइटवर टाकलेली निनावी झिप फाइल खुली असते, पण फेअर नसते.

१३. निबंधात ‘मागणी केल्यास डेटा देऊ’ असं लिहिलं तर चालेल ना?

पुष्कळ नियतकालिकं अजून चालवून घेतात, पण ते वचन पाळलं जात नाही, आणि त्यामागे दुष्टपणा नसतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ निबंधांच्या लेखकांकडे डेटा मागितला गेला. निबंध जितका जुना तितका डेटा अस्तित्वात असण्याचा संभव कमी, दरवर्षी सुमारे १७ टक्क्यांनी. कितीतरी लेखकांचे ईमेल पत्तेच बंद पडलेले होते.

म्हणून रिपॉझिटरी. तुमच्या विषयाची असेल तर तीच निवडा: जनुकक्रमांसाठी ‘जेनबँक’, प्रथिनांसाठी प्रश्न ३ मधली बँक. विषयाची नसेल तर संस्थेची, नाहीतर ‘झेनोडो’सारखी सर्वसाधारण. ती ‘सर्न’ ही युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा चालवते, विनामूल्य आहे, आणि एका नोंदीला ५० गिगाबाइटपर्यंत जागा देते. निवडताना दोन गोष्टी पाहा: डीओआय (संदर्भ देता येईल असा कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो का, आणि ती बंद पडली तर डेटाचं काय होईल हे लिहिलेलं आहे का. स्वतःच्या वेबसाइटचं पान म्हणजे रिपॉझिटरी नव्हे.

१४. संमतीपत्रात ‘अभ्यास संपल्यावर माहिती नष्ट केली जाईल’ असं छापून गेलं. आता डेटा जमा करता येईल का?

येणार नाही. लोकांनी त्या शब्दावर माहिती दिली आहे. शक्य असेल तर नैतिकता समितीच्या परवानगीने सहभागींकडे पुन्हा जाऊन नवी संमती घ्या. शक्य नसेल तर दिलेला शब्द पाळा, आणि फक्त प्रश्नावली, कोड आणि एकत्रित आकडे जमा करा.

पुढच्या वेळी हे वाक्य लिहूच नका. ‘तुमची ओळख पटणार नाही अशा रूपात ही माहिती इतर संशोधकांना दिली जाऊ शकते’ असं सरळ लिहा आणि समजावून सांगा. लोक नकार देतील ही भीती असते. माझा अनुभव असा की नीट सांगितलं तर बहुतेक जण हो म्हणतात, आणि जे नाही म्हणतात त्यांचा तो हक्क आहे.

१५. नावं आणि फोन नंबर काढले. डेटा निनावी झाला ना?

बहुधा नाही. लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवरून अंदाज मांडला की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टींनी तिथले ८७ टक्के लोक एकमेव ठरतात. नंतरच्या फेरगणितात हा आकडा ६३ टक्के आला. तरीही अर्ध्याहून जास्तच.

जन्मतारखेऐवजी वयोगट ठेवा, गावाऐवजी मोठा प्रदेश, दुर्मीळ व्यवसाय किंवा आजार मोठ्या गटात टाका. मग एक परीक्षा करा: या गटातल्या माणसाला ओळखणाऱ्या शेजाऱ्याला ही ओळ वाचून तो सापडेल का? मुलाखतींत हे सगळ्यांत अवघड जातं, कारण माणूस आपली गोष्ट सांगतो आणि गोष्टच ओळख असते. अशा वेळी मर्यादित प्रवेश हाच मार्ग (प्रश्न १२).

१६. डेटा माणसांचा नाही, दुर्मीळ वनस्पतींचा आहे. मग तर सगळं खुलं करू?

नेमकी ठिकाणं नाही. अक्षांश-रेखांश छापले की ते तस्करालाही मिळतात. स्थान ढोबळ करा, तसं केल्याची नोंद ठेवा, आणि अचूक स्थान फक्त मागून मिळेल असं ठेवा. एखाद्या आदिवासी समाजाच्या ज्ञानातून डेटा आला असेल तर त्यावर त्या समाजाचा अधिकार आधी येतो. २०१९ ची ‘केअर’ तत्त्वं याबद्दल आहेत. त्यांच्याशी बोलल्याशिवाय काहीही जमा करू नका.

१७. कोणता परवाना निवडू?

शक्यतो ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या तयार परवान्यांपैकी सीसी-झिरो किंवा सीसी-बाय. पहिल्यात हक्क सोडून देता, दुसऱ्यात श्रेय देणं बंधनकारक होतं. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट आकर्षक वाटते, पण व्यावसायिक म्हणजे काय हे धूसर असल्यामुळे साधे शिक्षकही वापर टाळतात. परवानाच दिला नाही तर प्रामाणिक माणूस अडतो. डेटा तुम्ही दुसऱ्याकडून घेतला असेल तर मूळ परवाना आधी वाचा, तुमचा परवाना त्याहून सैल असू शकत नाही.

१८. डेटा दिला आणि माझ्या आधी दुसऱ्याच कुणी निबंध छापला तर?

भीती खरी आहे, विशेषतः पीएचडी करणाऱ्यांची. त्यासाठी मुदतबंदी असते: डेटा आज जमा करा, डीओआय घ्या, आणि तो ठरलेल्या तारखेनंतर आपोआप खुला होऊ द्या. हबल आणि जेम्स वेब दुर्बिणींच्या निरीक्षणांनाही अशी राखीव मुदत असते, सहसा वर्षभरापर्यंत. जमा केल्याची तारीख म्हणजे काम आधी तुम्ही केल्याचा पुरावा. याच्या अगदी उलट, मानवी जनुकसंचावर काम करणाऱ्यांनी १९९६ मध्ये बर्म्युडात ठरवलं होतं की नवे क्रम २४ तासांत जाहीर करायचे.

१९. सगळंच कायम ठेवायचं का?

नाही. ‘सर्न’च्या मोठ्या कण-आदळयंत्रात सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा कणांचे पुंजके एकमेकांतून जातात आणि त्यातला अगदी थोडा भागच साठवला जातो. काय ठेवायचं हे आधी ठरवलेलं असतं, हे महत्त्वाचं.

पुन्हा मिळणार नाही ते ठेवा: नैसर्गिक घटनेच्या नोंदी, एकदाच झालेलं सर्वेक्षण. कोड चालवून परत काढता येईल ते टाका, पण कोड ठेवा. निबंधामागचा डेटा १० वर्षं ठेवण्याची अट अनेक ठिकाणी असते, तुमच्या संस्थेची आणि निधी देणाऱ्याची अट वाचून जी मोठी ती पाळा. पुसलेल्या गोष्टींची यादीही ठेवा.

२०. जमा केलेल्या डेटात चूक सापडली. काढून टाकू?

नवी आवृत्ती जमा करा आणि काय बदललं ते लिहा. जुनी आवृत्ती तशीच राहू द्या, कुणीतरी तिचा संदर्भ दिलेला असेल. निष्कर्ष बदलत असेल तर नियतकालिकालाही कळवा. अपवाद एकच: कुणाची ओळख उघडी पडत असेल तर फाइल त्याच क्षणी काढायला सांगा. तेव्हाही डीओआयचं पान, फाइल का काढली या टिपेसह, जागेवर राहतं.

२१. पीएचडी संपली, मी दुसरीकडे चाललो आहे. डेटा सोबत नेऊ शकतो का?

हे तुमच्या संस्थेच्या नियमांवर आणि निधीच्या करारावर ठरतं. बहुधा मूळ डेटा संस्थेत राहतो आणि तुम्हाला प्रत नेता येते. गाईडशी बोलून ते दोन ओळींच्या ईमेलमध्ये लिहून घ्या. निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला तुमचं फोल्डर द्या आणि तुमच्या मदतीशिवाय एक आलेख पुन्हा काढायला सांगा. तो जिथे जिथे अडेल, तिथे ‘रीडमी’मध्ये एक ओळ वाढवा.

२२. निवृत्त सरांच्या कपाटात फ्लॉपी, सीडी आणि वह्या सापडल्या. सुरुवात कुठून करू?

फ्लॉपीपासून नको. आधी वह्यांची पानं आहेत त्या क्रमाने स्कॅन करा, मधली कोरी पानंसुद्धा. फ्लॉपी आणि सीडी घरच्या यंत्रात पुन्हा पुन्हा घालून पाहू नका, प्रत्येक प्रयत्नात त्या झिजू शकतात. वाचता आल्या तर एकदाच पूर्ण प्रतिमा-प्रत (डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं उतरवलेली फाइल) काढून तीवर काम करा. फॉरमॅट उघडत नसेल तरी मूळ फाइल टाकू नका, जुना प्रोग्रॅम आजच्या संगणकावर आभासी यंत्रात (जुन्या संगणकाचं सोंग घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अनेकदा चालतो. उघडली की मजकूर सीएसव्ही किंवा साध्या टेक्स्टमध्ये काढा आणि दोन्ही ठेवा.

पण या सगळ्याच्या आधी सरांना फोन करा. वहीतली ‘क’ म्हणजे कोणती विहीर, लाल पेन कुणाचं, १७ तारखेला नोंद का नाही, हे फक्त त्यांना ठाऊक आहे. स्कॅन केलेली पानं घेऊन जा, एकेक पान समोर ठेवा आणि ते सांगतील ते रेकॉर्ड करा. हे काम या आठवड्यातच होऊ द्या.